जामखेडच्या आउटरला

जामखेडला रेल्वे नाही. कधी नव्हती. तरी दर रविवारी दुपारी नगरहून एक पॅसेंजर सुटायची, तिसगाव-पाथर्डी करत दिवेलागणीला जामखेडात शिरायची, आणि अजिनाथ तिला लाईन द्यायचा, म्हणजे सिग्नल पाडून आत घ्यायचा. लाईन देणं त्याचंच काम होतं, कारण जामखेडचा स्टेशनमास्तर तोच.

हे सगळं अर्थात कॉम्प्युटरमध्ये. एरवी अजिनाथ म्हणजे तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला. सातबाराच्या दोन प्रती आणि आधारकार्डाची मागची-पुढची बाजू, यात त्याचा आठवडा जायचा. लहानपणी जामखेडला रेल्वे येणार, येणार असं त्यानं इतकं ऐकलं होतं की शेवटी त्यानं वाट बघणं सोडलं आणि गाडी स्वतःच आणली.

एकट्यानं नव्हे. पंधरा वर्षांपूर्वी रेल्वेचं खूळ असलेली दहा-बारा माणसं इंटरनेटवर एकमेकांना सापडली. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं फुकट वाटलेलं आगगाडी चालवायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात आपले रूळ आपण टाकायचे, आपली स्टेशनं आपण बांधायची. जगभरच्या लोकांनी त्यात असलेल्या लाईनी बांधल्या. या मंडळींनी नसलेली बांधली. असलेलं काय, कुणीही बांधील!

ही लाईन तिसगावावरून का जाते, हे नकाशा घेऊन शोधायला बसाल तर डोकं धराल. नगरहून जामखेडला सरळ वाट असताना गाडी भलतीकडंच वळते, करंजीचा घाट उतरते आणि तिसगावचं पाणी पिऊन मग पुढं निघते. त्याचं कारण सूर्यभान सर. ते तिसगावचे, भूगोलाचे मास्तर, चढउताराचे नकाशे फक्त त्यांच्याकडं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, तिसगावला स्टेशन नसेल तर नकाशे मिळायचे नाहीत. खोट्या रेल्वेतसुद्धा राजकारण आलंच.

मंडळींनी स्वतःला रूळमंडळ म्हणवून घेतलं आणि एक नियम केला. इतरांच्या खेळात सिग्नल आपोआप पडायचे. यांच्यात नाही. गाडी पुढच्या स्टेशनात घ्यायची तर तिथल्या माणसानं आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरसमोर बसून लाईन दिली पाहिजे. देखावा सगळ्यांना दिसायचा, पण स्टेशनची कळ ज्याची त्याच्याच मशीनमध्ये. माणूस जागेवर नसेल तर गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, उभी. दुसऱ्याचं स्टेशन कुणी चालवायचं नाही, आणि बंदही करायचं नाही. ज्याला सोडून जायचं असेल त्यानं स्वतः तसं लिहून द्यायचं. हा नियम अजिनाथनंच आग्रहानं करून घेतला होता. तेव्हा तो तिशीत होता, आणि माणसं कुठं जात नाहीत असं त्याला वाटायचं.

माणसं गेली. भांडून कुणीच गेलं नाही, तसं असतं तर निदान समजूत काढता आली असती. पाथर्डीची आरती लग्न होऊन पुण्याला गेली, पोरं झाली, आणि एक दिवस तिनं लिहिलं की माझं स्टेशन बंद करावं, सगळ्यांना नमस्कार. कुणाला नोकरीत बढती मिळाली, कुणाला क्रिकेट आवडायला लागलं. बंद झालेल्या स्टेशनांवर दिवे तसेच ठेवत. गाडी तिथं थांबत नसे, पण जाताना लांब शिट्टी देत असे. शेवटी अकरा स्टेशनांतली तीन राहिली. नगरला सॅम, जो एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा, गाडीही चालवायचा, आणि मंडळाचा सर्व्हर घरात फ्रीजशेजारी ठेवून बायकोची बोलणी खायचा. मधे तिसगावला सूर्यभान सर. आणि टोकाला अजिनाथ.

आणि आता गेले कित्येक रविवार गाडी तिसगावच्या आउटरला उभी राहत होती. सर येत नव्हते.

फोन केला की सर गोड बोलायचे. एकदा मोतीबिंदू. एकदा लाईट नव्हती. मग पाहुणे. "येतो की रे, या रविवारी नक्की." अजिनाथ रविवारी खुर्चीत बसून राहायचा, गाडीच्या दिव्याची वाट बघत. सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी कायमची तिन्हीसांज ठेवली होती, ना ऊन ना अंधार. त्या उजेडात रिकामे रूळ बघता बघता त्याला पेंग यायची, आणि पेंगेत गाडी यायची. दचकून जागा झाला की ती नसायची.

"अजिनाथ, तिसगाव ऑटोवर टाकू का?" सॅमनं एकदा हळूच विचारलं.

"सरांना न विचारता?"

"मग बंद करू सगळंच?"

 रविवारची ती गाडी गेली तर आपल्याकडं काय उरतं, याचा हिशोब अजिनाथनं कधी मांडला नव्हता, आणि आता मांडायची छाती होत नव्हती. तो म्हणाला, "मी सरांना आणतो. येत्या रविवारी तू गाडी सोड. मी तिसगावला जाऊन सरांना खुर्चीत बसवतो की नाही बघ."

त्याच रविवारी रोहिणीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, भाचीचा कोपरगावला साखरपुडा होता. "गाडीमुळे यायला जमणार नाही" असं त्यानं तिला सांगितलं.  पंधरा वर्षांत ती या उत्तराला सरावली होती. जाताना फक्त म्हणाली, "तुमच्या गाडीनं एकदा मलाबी कुठंतरी सोडा म्हणावं." घराला कुलूप लावून दोघं दोन दिशांना गेले.

दोन एसट्या बदलून जायचं होतं. दुसऱ्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. बाजरी कणसाला आली होती, तुरी गुडघ्याएवढ्या, आणि मधेमधे नुसताच मुरमाड माळ, त्यावर बाभळी. अजिनाथ या वाटेनं आयुष्यात तीनचारदा आला असेल, पण लाईनीच्या नकाशावर बोट फिरवत शेकडो वेळा. त्याला प्रत्येक वळण पाठ होतं. एक ओढा आला तेव्हा त्याची मान आपोआप डावीकडं वळली, कारण तिथं त्यांचा सात कमानींचा पूल होता. पूल नव्हता. ओढ्यात दोन म्हशी बसल्या होत्या. पुढचा पाझर तलाव कोरडा निघाला. मंडळींनी तो काठोकाठ भरलेला दाखवला होता, रिकामा काढायला कुणाचा हात धजावला नव्हता. अजिनाथला डुलकी लागली. डुलकीत एसटीची खडखड रुळांची झाली आणि म्हशी पुलावरून खाली बघायला लागल्या. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा तिसगाव आलं होतं, आणि त्याला स्टेशन कुठं दिसेना म्हणून तो क्षणभर खरोखरच गोंधळला.

सरांचं घर विचारत विचारत गेला. पंधरा वर्षांत दोघं दोनदा भेटले होते, तेही नगरला चहाच्या टपरीवर. अंगणात सर स्टुलावर उभे राहून दोडक्याचा वेल वर बांधत होते. खणखणीत होते. सुतळीची गाठ तर त्यांनी चष्म्याशिवाय मारली.

"सर, मोतीबिंदू?" अजिनाथनं विचारलं.

सर स्टुलावरून उतरले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. "ते झालं रे चैत्रातच," ते म्हणाले. "ये, बस. अगं, जामखेडचे अजिनाथ आलेत."

केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पाहुण्याकडं नीट बघून घेतलं. "हेच का ते? बरं झालं आला बाबा. आता ह्यान्ला खरं सांगू द्या. दर आयतवारी फोन आला की ह्यांची तोंड लपवायची गडबड. मी म्हनते, लबाड बोलायचं वय हाय का हे?"

"काकू, काय झालं?"

"झालं काय न्हाई. माझ्या गुडघ्याचं आपरेशन झालं, डाक्टर म्हनला रोज चाला. एकटी कुटं चालू? आमी दोघं सांजच्याला माळापातुर जातो. आता ह्यान्लाबी गोडी लागली. चाळीस वरसं शाळा, पंधरा वरसं आगीनगाडी, माझी पाळी आत्ता आली."

अजिनाथ हसला, पण सर हसले नाहीत. ते बाजेवर टेकले, सुतळीचा गुंडा हातात फिरवत राहिले. "तिला कशाला पुढं करायचं," ते म्हणाले. "अजिनाथ, खरं सांगतो. माझं मन उडालं. आज नाही, दोन वर्षं झाली. बसायचो, घंटी वाजली की लाईन द्यायचो, पण मन तिथं नसायचं. तरी बसत राहिलो."

"का?"

"तुझ्यासाठी रे. तू तिकडं टोकाला एकटा वाट बघत बसलेला असशील, असं वाटायचं. सॅमचंही तेच. तो मला फोन करायचा गाडी पोचल्यावर. म्हणायचा, सर, अजून किती दिवस? मी म्हणायचो, अजिनाथ सोडीपर्यंत."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं भीक अजिनाथच्या पदरात पडली होती, आणि त्याला ती दोन वर्षं कळली नव्हती. त्याला वाईट वाटलं, राग आला, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटली. तो एवढे दिवस समजत होता की सर म्हातारे झाले, त्यांना विरंगुळा हवा, म्हणून आपण लाईन जिवंत ठेवलीय. लोकांना हे त्यानं सांगितलंही होतं. आणि तिकडं ते दोघं त्याला रविवारचा खाऊ दिल्यासारखी गाडी पाठवत होते.

"तुला खरंच अजून आवडतं का?" सरांनी विचारलं.

नाही म्हणायची ही चांगली संधी होती. नाही म्हटलं असतं तर तिघंही मोकळे, वर इभ्रतही राहिली असती. अजिनाथनं अंगणातल्या शेणसड्याकडं बघत खरं सांगितलं. "आवडतं, सर. लई आवडतं. तो दिवा वळणावर दिसला ना, की माझ्या अंगावर अजून काटा येतो."

 केशरबाईंनी पदरानं बाज उगीचच झटकली. तेवढ्यात अजिनाथचा फोन वाजला. सॅम होता. "गाडी नगरहून सुटली. घाटाकडं निघालोय. सर बसले का?"

सरांनी आवाज ऐकला. ते उठले. मन उडालं असलं तरी गाडी सुटल्यावर मास्तरनं बाजेवर बसून राहायचं, हे त्यांच्यानं झालं नसतं. "चल आत," ते म्हणाले.

कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचं फडकं टाकलेलं होतं, आणि त्यावर वाळवणाची डाळ. केशरबाईंनी डाळ उचलली. मशीन सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला. मग पडद्यावर ती तिन्हीसांज उजाडली, आणि अजिनाथ बघतच राहिला.

त्यानं तिसगाव स्टेशन कधी बघितलंच नव्हतं. कसं बघणार? गाडी तिसगावात असायची तेव्हा तो जामखेडला डोळे लावून बसलेला असायचा. कुणीच कुणाचं स्टेशन नीट बघितलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या फलाटावर.

सरांच्या फलाटावर पोरं होती. चांगली तीसचाळीस. पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, आणि प्रत्येकाच्या पाठीला दप्तर.

"ही कोण, सर?"

"माझा वर्ग," सर म्हणाले. "दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला. ट्रकात बसून जायची, कोपरगावाकडं, कुठं कुठं. परत यायची ती परीक्षा होऊन गेल्यावर. मला वाटायचं, गावाला गाडी असती तर आठवड्याला तरी आली असती पोरं शाळेत. म्हणून भांडलो मी तुमच्याशी स्टेशनासाठी. तुम्ही म्हणालात, सर राजकारण करतात."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही. आणि मग पोरांची नावंसुद्धा विसरायला लागलो. तेव्हाच मन उडालं बहुतेक."

घंटी वाजली. गाडी आउटरला आली होती. कुठली कळ, हे सरांना आठवेना; ते पुटपुटायला लागले. पण बोटांना आठवलं. सिग्नल पडला, पिवळा दिवा वळणावर दिसला आणि गाडी संथपणे फलाटाला लागली. पोरं चढली. केशरबाई चहाचे कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "ह्यातली ती दोन वेण्याची, ती दगडाबाईची नात वाटती," त्या म्हणाल्या.

"तीच," सर म्हणाले.

अजिनाथनं विचारलं, "सर, आपण गाडीत बसून पुढं जाऊ या? मी या गाडीत कधी बसलो नाही." त्याला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं. पंधरा वर्षं तो फक्त उतरणाऱ्यांना बघत आला होता.

सरांनी खिडकीचा देखावा लावला. मग तिघं एका पडद्यासमोर बसून तिसगावहून जामखेडला निघाले. केशरबाई मधे खुर्चीवर, कारण त्यांचा गुडघा. हे दोघं दोन बाजूंना, सर धान्याच्या उंच डब्यावर आणि अजिनाथ पाटावर. बाहेरचा खरा उजेड आणि पडद्यावरचा उजेड हळूहळू सारखा झाला, आणि भिंत कुठं संपते ते कळेनासं झालं. पाथर्डीवरून जाताना सॅमनं लांब शिट्टी दिली. आरतीच्या फलाटावर दिवे होते, कुंड्यांत फुलं होती. आणखी एक बंद स्टेशन गेलं, आणखी एक. तलाव भरलेले होते. सात कमानींच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा अजिनाथनं खाली वाकून बघितलं. पाणी वाहत होतं. केशरबाईंनी विचारलं, "हे कुटलं गाव?" आणि सरांनी कुठलंसं नाव सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "तिथं माझी आत्या दिली हुती." नंतर त्या पेंगल्या. त्यांचं डोकं सरांच्या खांद्याला लागलं तेव्हा सर हलले नाहीत. अजिनाथला वाटलं, ही गाडी कुठंही पोचली नाही तरी चालेल. असं त्याला याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेवटचा माळ आला. लांबवर जामखेडचे दिवे दिसले. गाडीचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि ती थांबली.

फोनवर सॅमचा आवाज आला. "अजिनाथ, आउटरला उभाय. लाईन दे ना."

अजिनाथनं सवयीनं हात पुढं केला. समोर सरांचा कीबोर्ड होता. जामखेडची कळ जामखेडला होती, कुलूप लावलेल्या घरात, बंद मशीनमध्ये.

"सॅम," तो म्हणाला, "मी तिसगावात आहे."

 पलीकडं सॅम हसायला लागला. तो असा हसला की त्याची बायको आतून काय झालं म्हणून ओरडली. "अरे, मलाही सुचलं नाही! पंधरा वर्षांत जामखेडला माणूस नाही असं कधी झालंय का? आता रे? तूच सांग, काय करू?"

अजिनाथ पडद्याकडं बघत होता. त्याचं स्टेशन त्यानं बाहेरून पहिल्यांदाच बघितलं. छोटं होतं. कडुनिंब, पाण्याची टाकी, मास्तरची खोली, तिची खिडकी. मास्तर मशीनसमोर बसला की तिथं दिवा लागायचा; आज खिडकीत अंधार होता. इतकी वर्षं सगळ्यांना गाडीतून ती खिडकी दिसत आली असणार, आणि तिच्यात तो. कुणी त्याला एकटं टाकलं नव्हतं. त्याच्यापर्यंत येऊन येऊन माणसं दमली होती, एवढंच. 

"काही करू नकोस," तो म्हणाला. "उभी राहू दे. आणि पुढच्या रविवारी गाडी काढू नकोस, सॅम. चर्चमधून ये, जेव, आणि मस्त झोप काढ. सर्व्हर हलव तिथून. वहिनींना फ्रीजचं दार नीट उघडू दे."

"नक्की ना?" सॅमनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"नक्की."

 सरांनी अजिनाथच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या हालचालीनं केशरबाई जाग्या झाल्या. त्यांनी डोळे चोळले, पडद्याकडं बघितलं. गाडी माळावर उभी, डब्यांतून दिवे, पुढं स्टेशन आणि ती काळी खिडकी.

"का थांबली?" त्यांनी विचारलं. "तिथं कुनी न्हाई का?"

"न्हाई," सर म्हणाले. "तिथला माणूस आपल्याकडं आलाय. भाकरी टाक."